दुसऱ्याच्या कागदावरची पेन्सिल

(आम्हाला शिकवणाऱ्या सरांच्या स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एका प्रसंगापासून सुरुवात करते. अक्षररचनेचा वर्ग चालू होता. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी 'क्ष' घेऊन आली. तीन दिवस ती त्या एका अक्षरापाशी अडली होती. गाठ जमत नव्हती. गाठीच्या आतली पोकळी इतकी बारीक झाली होती की लहान आकारात छापली तर शाईनं बुजलीच असती. मी म्हटलं, "इकडे दे." आणि तिच्या कागदावर, तिच्याच रेषांवरून पेन्सिल फिरवली. गाठ जरा खाली ओढली, दंडापासून सोडवली, पोकळीला जागा झाली. दोन मिनिटांत 'क्ष' उभा राहिला. भोवती जमलेल्या मुलांनी माना डोलावल्या. ती मात्र कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आता हा तुमचा झाला. मी नवीन कागद घेते."

ती रागावली नव्हती. आवाजात तक्रारही नव्हती. शेजाऱ्यांची वाटी परत करावी इतक्या सहज तिनं तो कागद माझ्याकडे सरकवला आणि ती जागेवर जाऊन बसली. त्या वेळी माझी शिकवण्याची वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत मी किती मुलांच्या कागदांवर पेन्सिल चालवली असेल आणि त्यातले किती कागद त्याच क्षणी माझे होऊन गेले असतील, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे आहे. आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

डिझाइनचं शिक्षण फळ्यावर फार थोडं होतं. ते होतं टेबलाच्या कडेला. विद्यार्थी कागद घेऊन येतो, शिक्षक बघतो, काही बोलतो, काही काढून दाखवतो, विद्यार्थी परत जातो. याला आपण 'करेक्शन' म्हणतो. "सर, करेक्शन द्या ना," असं मुलं म्हणतात. करेक्शन म्हणजे दुरुस्ती. म्हणजे मुलानं आणलेलं चुकलेलंच आहे, हे कागद उघडण्याआधीच ठरून गेलेलं असतं. असे शेकडो प्रसंग दर वर्षी घडतात आणि हवेत विरून जातात. नोंद उरते ती शेवटच्या शीटची आणि तिला ज्युरीत मिळालेल्या गुणांची.

टेबलाकाठच्या या व्यवहाराकडे ज्यांनी मन लावून पाहिलं, त्यांत डोनाल्ड शॉन यांचं नाव मोठं आहे. ते अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवायचे. मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. हार्वर्डमधला त्यांचा प्रबंध जॉन ड्यूई यांच्या विचारांवर होता. १९८३ साली त्यांचं 'द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर' प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या वास्तुकला आणि डिझाइनच्या शाळांमध्ये पेट्रा आणि क्विस्ट ही दोन नावं माहीत झाली. नावं खरी नव्हेत, पण प्रसंग खरा आहे, प्रत्यक्ष स्टुडिओत टिपलेला. पेट्रा वास्तुकलेची विद्यार्थिनी. तिला एका प्राथमिक शाळेची इमारत करायची आहे आणि जमीन उताराची आहे. ती अडली आहे. इमारतीचा आकार उतारावर बसत नाही. सहा वर्गखोल्या सुट्या सुट्या ठेवल्या तर त्या फार लहान वाटतात, म्हणून तिनं त्या जोडून इंग्रजी 'एल' अक्षरासारखे तीन आकार केले आहेत. शिक्षक क्विस्ट तिच्या रेखाटनावर पातळ कागद ठेवतो आणि काढत काढत बोलू लागतो. आधी एक शिस्त लावून बघ, भले ती मनानं ठरवलेली असो, पुढे मोडता येईल, असं त्याचं धोरण आहे. त्या आकारांना तो उतारात रुजवतो. मग दिसतं की पातळ्या बदलल्यामुळे मुलांना बसायला कोपरे तयार झाले. मग दिसतं की पेट्रानं किरकोळ म्हणून धरलेली गॅलरीच सगळ्या रचनेचा कणा होऊ शकते. हे क्विस्टनं आधी योजलेलं नव्हतं. काढताना ते समोर आलं.

शॉन यांचं मोठेपण हे की 'प्रतिभा' असं नाव देऊन ते इथून पुढे सरकले नाहीत. त्यांनी म्हटलं, हा विचारच आहे, फक्त तो हातानं चाललेला आहे. माणूस एक रेघ ओढतो, समोरची परिस्थिती त्याला उलट उत्तर देते, ते उत्तर ऐकून तो पुढची रेघ ओढतो. काम करताना चालणारं चिंतन आणि काम संपल्यावर चालणारं चिंतन असा भेद त्यांनी केला. आपल्या भाषेला हा भेद परका नाही. 'करता करता कळलं' आणि 'केल्यावर कळलं' ही दोन वाक्यं आपल्याकडे कुणीही सहज बोलतं आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. शॉन जॅझ वादकांचा दाखला देतात. ते स्वतः वाजवायचे. आपण बैठकीत ऐन वेळी संगतीला बसलेला तबलजी आठवला तरी चालेल.

मला आणखी एक उदाहरण जवळचं वाटतं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथला देखणा देवनागरी टाइप राणूजी रावजी आरू यांच्या हातचा. पोलादाच्या कांबीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तेही मुगाच्या दाण्याएवढं. कोरलेलं बरोबर आहे का हे पाहायला ठसा कापणारे कारागीर ते टोक दिव्याच्या ज्योतीवर धरतात, त्यावर काजळी धरली की कागदावर दाबतात. धुराचा ठसा उमटतो. तो बघायचा, कानस उचलायची, कणभर पोलाद काढायचं, पुन्हा ज्योतीवर धरायचं. शॉन ज्याला परिस्थितीचं उलट बोलणं म्हणतात, ते इथे काजळीच्या ठिपक्यातून येतं. आणि एकदा जास्त कोरलं गेलं की पोलाद परत भरता येत नाही. आरूंचे टाइप आपल्यापर्यंत पोचले. छपाईसाठी देवनागरीचा तपशीलवार अभ्यास बापूराव नाईकांनी केला, १९७१ साली भाषा संचालनालयानं त्याचे तीन खंड काढले, म्हणून अक्षरांची मोजमापं आणि घडण आपल्यापर्यंत पोचली. पण एक धुराचा ठसा बघून आरूंनी पुढचा कण कुठला काढला आणि का काढला, हे टाइपावरून वाचता येत नाही. ते बघणं ठशाबरोबर जन्मायचं आणि ठसा पुरा झाला की संपायचं. आपल्या वर्गात आज तेच चाललेलं आहे.

शॉन वाचला तेव्हा मी भारावून गेले. माझ्या हाताला कुणीतरी नाव दिलं होतं. पण त्या मुलीच्या वाक्यानंतर तेच पान पुन्हा उघडलं तेव्हा मी पेट्राला शोधू लागले. क्विस्ट बोलतो, काढतो, शोधतो, त्याला सापडतं. पेट्रा थोडं बोलते, होकार देते. तिनं घरी जाऊन काय केलं? रात्री तिला काय वाटलं? पुस्तकात ते नाही. चिंतन होतं ते क्विस्टचं, अडचण होती पेट्राची. हेलेना वेब्स्टर या वास्तुशिक्षणाच्या अभ्यासकानं २००८ साली शॉनवर नेमकं याच अंगानं बोट ठेवलं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातली सत्ता, विद्यार्थ्याची भीती, त्याचं शरीर, टेबलापासून लांब घडणारं शिकणं, यातलं फारसं काही शॉनच्या चित्रात येत नाही, असा त्यांचा आक्षेप. शॉनवर अन्याय नको म्हणून सांगते, १९८७ च्या पुढच्या पुस्तकात त्यांनी ज्यूडिथ नावाच्या विद्यार्थिनीचं प्रकरण दिलं आहे. तिथे शिक्षक आणि विद्यार्थिनी एकमेकांना ओलांडून बोलत राहतात आणि गाठ पडतच नाही. म्हणजे त्यांना हे दिसत होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो क्विस्ट. आम्हा शिक्षकांना तोच आवडतो. का, ते उघड आहे.

मग या व्यवहाराचा अभ्यास करायचा कसा? आपल्याकडे रूढ उत्तर एकच, प्रश्नावली. 'शिक्षकांचे मार्गदर्शन उपयुक्त वाटते' या विधानापुढे पाच चौकोन, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. आमच्या विद्यार्थ्यांनीही माझ्यापुढे 'पूर्ण सहमत'वर खुणा केल्या होत्या. 'क्ष' काढणाऱ्या मुलीनंही. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. मी मदत केलीच होती. अक्षर हातातून निसटलं, याच्यासाठी त्या कागदावर चौकोन नव्हता.

माझ्या एका विद्यार्थ्यानं पीएच.डी.साठी प्रस्ताव दिला होता. मुलांच्या स्केचबुकांतून, फाडलेल्या कागदांतून, वर्गातल्या संभाषणांतून अक्षररचना कशी शिकली जाते ते शोधायचं, असा विषय. एका विद्यापीठाच्या समितीनं तो परत पाठवला. शेरा होता, 'विदा कुठे आहे?' तो टेबलावर पाचशे कागद मांडून बसला होता. नंतर त्यानं प्रश्नावलीचा प्रबंध केला आणि पदवी मिळवली. पाचशे कागद रद्दीत गेले. मला त्याचं दुःख आजही आहे आणि ते लपवावं असं वाटत नाही.

अशा वेळी क्रिस्टोफर फ्रेलिंग यांचा १९९३ चा निबंध आधाराला येतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते होते, पुढे तिथले रेक्टर झाले. हर्बर्ट रीड यांच्या कलाशिक्षणावरच्या मांडणीचं बोट धरून त्यांनी कला आणि डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. इंग्रजीत ते तीन लहान शब्दांवर उभे आहेत. मराठीत म्हणायचं तर कलेविषयी संशोधन, कलेतून संशोधन आणि कलेसाठी संशोधन. पहिलं सोपं, इतिहास लिहिला की झालं. तिसरं सगळ्यांत अवघड, कारण त्यात ज्ञान वस्तूतच मुरलेलं असतं आणि त्याची मांडणी कशी करायची हा पेच फ्रेलिंगनाही पडला होता. मला मधलं हवं आहे. 'कलेतून' हा शब्द सोडवून बघा. त्यातला 'त' सप्तमीचा, आत असण्याचा. 'ऊन' पंचमीचा, बाहेर निघण्याचा. आत राहून बाहेर येणं एका शब्दात. आमच्या संशोधनाचं वर्णन याहून नेमकं मला करता येणार नाही. अडचण एवढीच की आमचे बहुतेक प्रबंध 'विषयी'वर थांबतात.

आता सर्जनशील पद्धतींकडे येते. हा शब्द हल्ली फार सैल वापरला जातो. प्रश्नावलीला रंगीत चौकट काढली की ती सर्जनशील होत नाही. पद्धत सर्जनशील कशाला म्हणायचं हे मला १९९९ मधल्या एका कामावरून कळलं. बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेंती यांना युरोपातल्या तीन ठिकाणच्या वृद्धांसाठी नवं काही तरी घडवायचं होतं. ऑस्लोचा मायोरस्तुआ भाग, ॲम्स्टरडॅममधलं बाइल्मर आणि इटलीतलं पेचोली हे छोटं गाव. मुलाखती घेण्याऐवजी त्यांनी वृद्धांना एकेक पुडकं दिलं. त्यात प्रश्न छापलेली पोस्टकार्डं होती. नकाशे होते, त्यावर ठिपके चिकटवायचे: माणसांना भेटायला कुठे जाता, एकटं असावंसं वाटलं की कुठे जाता, स्वप्नं बघत कुठे बसता. एकदाच वापरायचा कॅमेरा होता आणि त्याच्या मागे छापलेल्या विनंत्या: आज दिसलेलं पहिलं माणूस, आज घालणार ते कपडे, काहीतरी कंटाळवाणं. वृद्धांनी जमेल तसं, सवडीनं परत पाठवायचं. त्यातून सरासरी काढायची नव्हती. माणसं कळायला हवी होती. पुढे जगभर या पुडक्यांची लाट आली, लोक त्यातल्या उत्तरांचे तक्ते करू लागले. तेव्हा २००४ साली गेव्हर आणि सहकाऱ्यांना लिहावं लागलं की अनिश्चितता हीच या पद्धतीची ताकद आहे, ती पुसून टाकलीत तर हातात काही राहत नाही.

मी ते वाचून एका सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याला एक खाकी पाकीट दिलं. आत ट्रेसिंग पेपरचे तुकडे होते. हात जिथे अडला तेवढाच भाग त्यावर उतरवायचा, अख्खं अक्षर नाही. एक कोरा कागद होता, घरापासून वर्गापर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला. आपलं अक्षर वाटेत कुठे कुठे दिसलं ते त्यात दाखवायचं. एक पोस्टकार्ड होतं, ज्या अक्षरावर काम चालू आहे त्यालाच लिहायचं. आणि एक अट होती: वाया गेलेला एकही कागद फाडायचा नाही, मागे तारीख घालून पाकिटात ठेवायचा. ज्याला द्यायचं नसेल त्यानं देऊ नये. दोघांनी दिलं नाही. एक म्हणाली, "चुकलेलं दाखवायला नको वाटतं." तिचं पाकीट मी मागितलं नाही.

जी पाकिटं आली ती मी उन्हाळ्याच्या सुट्टीभर जमिनीवर मांडून बसले होते. 'ळ' वर काम करणाऱ्यानं 'ळ'ला लिहिलं होतं की तुझे दोन्ही फुगे मोजून सारखे केले, तरी डोळ्यांना सारखे दिसत नाहीत, तेव्हा आता मी पट्टीवर विश्वास ठेवू की डोळ्यांवर, हे तूच सांग. अक्षरकलेचा एक मूळ प्रश्न त्यानं कार्डावर मांडला होता आणि वर्गात तो कधी बोलला नव्हता. एका मुलाच्या नकाशात एसटी स्टँडच्या भिंतीवर मोठी खूण होती. त्याचे वडील पाट्या रंगवणारे पेंटर. खडू लावलेली दोरी ताणून भिंतीवर ओळ कशी मारायची, अक्षरं आधी बोटांवर मोजून मधलं अक्षर कसं धरायचं आणि तिथून दोन्हीकडे कसं जायचं, हे त्यानं नकाशाच्या समासात लिहिलं होतं. दोन वर्षं हा मुलगा माझ्यासमोर बसत होता. ही विद्या घरात आहे, पण वर्गात सांगण्याजोगी नाही, असं त्यानं धरून चाललं होतं, आणि आम्ही तसं धरायला लावलं होतं.

सगळ्यांत जास्त दिलं ते वाया गेलेल्या कागदांनी. तारखेनं ओळीत लावले तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. निम्म्याहून अधिक मुलांच्या सुरुवातीच्या देवनागरीत जाडी-बारीकपणा उलटा पडत होता. जिथे रेघ जाड हवी तिथे बारीक, बारीक हवी तिथे जाड. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं त्याला निष्काळजीपणा म्हणत आलो, करेक्शनमध्ये लाल खूण करत आलो. कागद ओळीत बघितल्यावर कारण समजलं. रोमन लिपीसाठी पेनाच्या टोकाला जो तिरका काप असतो, देवनागरीच्या बोरूचा काप त्याच्या उलट दिशेचा. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ जाड येते. देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. आमच्या अभ्यासक्रमात रोमन आधी होतं आणि मुलं त्याच टोकानं, त्याच हातानं देवनागरीत येत होती. चूक त्यांची नव्हती, आम्ही ठरवलेल्या क्रमाची होती. पुढच्या वर्षी बोरू आधी दिला. या एका बदलासाठी पंचवीस वर्षं लागली, आणि तो घडवणारी विदा रोज आमच्या कचऱ्याच्या टोपलीत पडत होती.

पण मूळ प्रश्न अजून तसाच होता: माझी पेन्सिल. त्यासाठी पाकिटं पुरणार नव्हती, मला स्वतःला ऐकावं लागणार होतं. शॉन आणि क्रिस आर्जिरिस यांनी १९७४ मध्ये एक साधा विचार मांडला होता. माणूस आपण कसं वागतो म्हणून सांगतो तो एक सिद्धान्त असतो, आणि तो खरोखर ज्या सिद्धान्तानं वागतो तो वेगळा असू शकतो. तो पकडायची त्यांची युक्ती अशी: पानाच्या मधोमध रेघ मारायची, उजवीकडे प्रत्यक्ष झालेलं संभाषण लिहायचं, डावीकडे तेव्हा मनात होतं पण बोललो नाही ते. मुलांची परवानगी घेऊन मी एका सत्रात टेबलावर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं आणि रात्री पानं भरली. उजवीकडे: "या मात्रेचा कोन बघ. जरा कललाय का?" डावीकडे: कोन चुकलाय. मला उत्तर माहीत आहे. ती सांगेपर्यंत थांबायला हवं, पण मागे रांग आहे. ध्वनिमुद्रणात माझा प्रश्न आणि पेन्सिलीची खरखर यांच्यामध्ये एक श्वास घेण्याइतकंही अंतर नव्हतं.

पानं वाढत गेली तसं आणखी एक दिसलं, ते सांगायला मला जड जातं. जी मुलं सफाईनं बोलत, इंग्रजी शब्द वापरून वाद घालत, त्यांच्याशी मी चर्चा करत होते. माझी पेन्सिल टेबलावर पडून राहायची. जी मुलं कागद पुढे करून गप्प उभी राहत, तालुक्याच्या गावांतून आलेली, घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली, त्यांना मी म्हणत होते, "इकडे दे." त्यांच्याविषयी मला जास्त माया होती, त्यांच्यासाठी मी जास्त वेळ देत होते, आणि त्यांच्याच हातातून अक्षर काढून घेत होते. हे कुठल्याही प्रश्नावलीत सापडलं नसतं, कारण मीही स्वतःविषयी 'पूर्ण सहमत' अशीच खूण केली असती.

त्यानंतर वर्गात दोन गोष्टी बदलल्या. मी दुसऱ्याच्या कागदावर काढायचं बंद केलं. काढायचंच असेल तर वेगळ्या कागदावर, आणि तेही चार मुलांची चार वेगळी अक्षरं समोर असताना, म्हणजे माझं काढणं कुणा एकाचं उत्तर होऊन बसू नये. दुसरं, शेजारच्या मुलानं आधी बोलायचं, मराठीत, घरच्या मराठीत. हा बदल मला वाटला त्याहून मोठा निघाला. इंग्रजीत मुलं लिहायची की आकार 'बॅलन्स्ड' वाटत नाही, आणि तिथेच थांबायची. आपल्या बोलीत ती म्हणू लागली की कान्याला पोट आलंय, वेलांटी मागं रेलून बसलीय, रफार उगाच टोपीसारखा ठेवलाय, दोन अक्षरांमध्ये कुणीतरी उठून गेल्यागत वाटतंय. यातलं प्रत्येक वाक्य हातात पेन्सिल धरून तपासता येतं. ही माझ्या मते संशोधनाची परिभाषा आहे आणि ती गोळा करून नीट मांडणं हे आपल्या भाषेतल्या डिझाइन-शिक्षणाचं पहिलं काम आहे. ज्या माणसाच्या अक्षरात आपण वर्षानुवर्षं संगणकावर मराठी वाचली, त्या 'मंगल' फाँटचे कर्ते र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन-केंद्रात शिकवायचे. अक्षरं काढणारा हात आणि शिकवणारा हात एकच असण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तिला शब्द मिळायला हवेत.

इथे एक इशारा द्यायला हवा, कारण 'चिंतनशील' हा शब्द आता अभ्यासक्रमाच्या कागदांवर पोचला आहे. रोजनिशी लिहा, तिला दहा गुण. मी स्वतः दोन वर्षं असे गुण दिले. मग एका मुलानं सहा आठवड्यांची रोजनिशी एका रात्रीत लिहिलेली माझ्या हाती आली. त्यानं तीन वेगळी पेनं वापरली होती, मध्ये एका पानावर चहाचा डागही पाडला होता. प्रत्येक पानावर त्याला खूप शिकायला मिळालं होतं. त्या मुलानं फसवलं असं मी म्हणत नाही. परीक्षकाला हवी असते ती कबुली त्यानं पुरवली. ज्या वहीवर गुण आहेत ती वही विद्यार्थ्याची राहत नाही, ती त्या 'क्ष'सारखीच शिक्षकाची होते. माझं मत पक्कं झालं आहे: मुलांच्या चिंतनाला गुण देऊ नयेत. द्यायचेच असतील तर आधी शिक्षकानं आपली दोन रकान्यांची वही वर्गासमोर ठेवावी.

हे सगळं मला शिकायला इतकी वर्षं लागली आणि सरांच्या घरात ते आधीपासून होतं. गेल्या वर्षी सरांच्या मुलीनं मला बोलावून एक पुडकं दिलं. आम्हाला आठवत होतं की सर करेक्शनला येताना बटर पेपरचा गुंडाळा घेऊन येत. आमच्या कागदावर तो ठेवत, त्यावर काढत आणि जाताना तो तुकडा घडी करून खिशात घालून घेऊन जात. आम्हाला राग यायचा. सरांनी काढलेलं सुंदर अक्षर आमच्याकडे राहायचं नाही, डोळ्यांत जेवढं राहील तेवढंच. आम्हाला वाटायचं, सर कंजूष आहेत. त्या पुडक्यात ते सगळे तुकडे आहेत, १९७० च्या दशकातले. प्रत्येकाच्या मागे तारीख, मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि एक ओळ. 'उकाराचं विचारलं, त्याला गाठीचं कळलं.' 'घाई माझी.' माझ्या नावाचं अक्षर असलेल्या एका तुकड्यामागे लिहिलंय, 'आज जास्त काढलं.' त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर जेमतेम तीन रेघा ओढल्या असतील.

शेजारच्या खोलीत ते तुकडे मांडले आहेत, घरच्यांच्या परवानगीनं. समोरच्या भिंतीवर आमच्या मुलांचे वाया गेलेले कागद आहेत, तारखेच्या क्रमानं. त्यात तुम्हाला काही ठिकाणी लाल धागा दिसेल. एका विद्यार्थ्याची आई शिवणकाम करते. रोजनिशी लिहायला त्यानं नकार दिला आणि सत्रभरात त्याच्या कागदांवर जिथे जिथे माझी पेन्सिल चालली होती त्या सगळ्या रेघा लाल धाग्यानं शिवून आणल्या. पहिल्या कागदावर धागा दाट आहे. कागदांना हात लावून बघा, उलटून मागची बाजूही बघा, तिथे गाठी आहेत. फक्त त्यांचा क्रम बदलू नका.